प्रोग्राम मॅनेजर नेमकं करतो काय? खान्देशातल्या संस्थांमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मी पंधराएक वर्षं सामाजिक संस्थांमध्ये काम करते आहे. सुरुवात फिल्डवर झाली, मग प्रकल्प समन्वयक झाले आणि गेली काही वर्षं प्रोग्राम मॅनेजर आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणारी मुलंमुली, नव्याने बढती मिळालेले सहकारी, कधी संस्थेचे विश्वस्तसुद्धा हे प्रश्न विचारतात. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. कायद्याच्या नि हिशेबाच्या गोष्टी आल्या, तिथे नियमाला धरून लिहिलं आहे.

प्रोग्राम मॅनेजर म्हणजे कोण?

संस्था एका भागात एकाच वेळी तीन-चार कामं करत असते. पाणलोट, कुपोषण, बचत गट, शाळा. प्रत्येक कामाचा पैसा वेगळा, मुदत वेगळी, माणसं वेगळी. ही कामं मिळून त्या भागातल्या माणसांच्या जगण्यात जो फरक पडायला हवा, तो पडतो आहे की नाही हे ज्याने बघायचं, तो प्रोग्राम मॅनेजर. कागदोपत्री 'कार्यक्रम व्यवस्थापक' असं लिहितात. गावात मात्र कार्यक्रम म्हणजे भाषण आणि सत्कार, त्यामुळे मी तिथे 'संस्थेची ताई' एवढंच सांगते.

प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रोग्राम मॅनेजर, फरक काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि नावं सारखी असल्याने गोंधळ होणारच.

प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो आणि ठरलेलं काहीतरी हातात पडायचं असतं. इतके बंधारे, इतक्या विहिरी, इतक्या महिलांचं प्रशिक्षण. ते वेळेत, बजेटात आणि नीट झालं की प्रोजेक्ट मॅनेजरचं काम झालं. प्रोग्राम म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या प्रकल्पांचा गट. ते एकत्र सांभाळल्याने असा काही लाभ होतो, जो प्रत्येक प्रकल्प सुटा चालवला तर होत नाही. व्यवस्थापनाच्या क्षेत्रातली जागतिक मानकंही प्रोग्रामची व्याख्या साधारण अशीच करतात.

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी वाढलेल्या माणसाला मी हे फड पद्धतीवरून सांगते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. शेकडो वर्षांची ही पद्धत. त्यात पाटकरी पाणी देतो, जागल्या पिकाची राखण करतो आणि या दोघांवर हवालदार असतो. पाटकऱ्याला आपल्या बाऱ्याची, म्हणजे पाणी द्यायच्या पाळीची काळजी. हवालदाराला मात्र बघावं लागतं, की वरच्या फडाचं भागताना खालचा कोरडा तर राहत नाही ना, पाट कुठे फुटला तर नाही ना, आणि पाण्यावरून दोन घरांत वाजलं असेल तर ते आजच मिटवायचं की पंचांपुढे न्यायचं. प्रोजेक्ट मॅनेजर पाटकऱ्यासारखा असतो आणि प्रोग्राम मॅनेजर हवालदारासारखा. दोघांत मोठा-लहान असं नाही. पाटकरी नसेल तर हवालदार नुसता फिरत राहील.

म्हणजे प्रोग्राम मॅनेजर फक्त देखरेख करतो?

नाही. माझ्या मते त्याचं खरं काम दोन प्रकल्पांच्या मधल्या जागेत असतं. ती जागा कुणाच्याच नावावर नसते. तिच्यासाठी बजेट नसतं, टार्गेट नसतं, अहवालात रकानाही नसतो. आणि बहुतेक चुका तिथेच घडतात.

माझ्याच कामातलं सांगते. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्या पलीकडे, एकाच पट्ट्यातल्या गावांत आमचे तीन प्रकल्प चालू होते. एक पोषणाचा, एक पाणलोटाचा आणि एक उपजीविकेचा, त्यात शेळ्या द्यायच्या होत्या. तिघांचे अहवाल दर महिन्याला माझ्याकडे यायचे. तिन्ही हिरवे. टार्गेट पूर्ण, खर्च वेळेवर.

होळी होऊन गेल्यावर मी एका पाड्यावर गेले. एका घरात आजी होती आणि दोन वर्षांची नात. आजीने कुडाच्या फटीत खोचून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात मुलीचं वजनाचं कार्ड होतं. श्रावणापासून आश्विनापर्यंत रेघ हळूहळू वर चढलेली. मग कार्तिक ते माघ कोरं. फाल्गुनातला ठिपका थेट भाद्रपदाच्याही खाली. मी दंडाची पट्टी लावली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल अतितीव्र कुपोषित धरतात. पट्टी लाल पट्ट्यात थांबली.

दिवाळी झाल्यावर आईबाप तिला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेले होते. त्या पट्ट्यातली बरीच घरं जातात. पोषणाच्या टीमच्या यादीत ती 'सुधारली' म्हणून नोंदली होती, कारण दिवाळीआधी ती खरंच सुधारली होती. पाणलोटाच्या टीमने समतल चरांचं (उतारावर पाणी अडवायच्या चरांचं) काम जानेवारीत काढलं, कारण निधीचा हप्ता तेव्हा आला. मजूर गावात नव्हतेच, म्हणून शेजारच्या गावातून आणले. शेळ्या नोव्हेंबरात वाटल्या. त्या घराने निघण्याआधी शेळी विकून टाकली, म्हातारीला एकटीला ती सांभाळता आली नसती.

तिघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. ज्या घरासाठी ही सगळी खटपट होती, ते घर मात्र होतं तिथेच राहिलं. आणि तिन्ही अहवालांवर सही माझी होती.

पुढच्या वर्षी चरांचं काम दिवाळीनंतर लगेच काढलं, जायच्या विचारात असलेल्या घरांना आधी मजुरी दिली. शेळ्या होळीनंतर वाटल्या. जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलाच्या वजनाचा, लसीचा आणि अंगणवाडीचा तपशील असलेला दोन पानी कागद दिला, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला गुजरातीत. सगळी घरं थांबली नाहीत. काही थांबली. पण मधल्या चार महिन्यांत कोणतं मूल कुठे आहे, हे आम्हाला कळू लागलं.

यातला एकही बदल कुठल्या एका प्रोजेक्ट मॅनेजरला करता आला नसता. हप्त्याची तारीख बदलून घ्यायला देणगीदाराशी बोलावं लागलं, शेळ्यांचं वाटप पुढच्या तिमाहीत ढकलावं लागलं आणि तीन टीम एका टेबलाशी बसवाव्या लागल्या.

रोजचा दिवस कसा जातो?

रोजचा असा एक दिवस नसतो. आठवड्याचा ढाचा सांगते. सोमवारी सकाळी टीमची बैठक. दोन-तीन दिवस फिरती. एक दिवस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात, कधी पंचायत समिती, कधी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, कधी महिला व बालकल्याण. उरलेला वेळ खर्चाचे तक्ते, अहवाल आणि फोन. फोन फार. धडगावच्या घाटात रेंज नसते, त्यामुळे संध्याकाळी माणसं खाली उतरली की सगळे एकदम येतात.

यातलं काय कमी केलं तरी चालेल? अहवाल थोडा उशिरा गेला तरी निभावतं. फिरती कमी केली की दोन महिन्यांत कळतं, आपण जे बोलतो त्याचा गावाशी संबंध सुटत चालला आहे.

वार्षिक नियोजन कसं करावं?

इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरून आलेले चांगले हुशार लोक इथेच अडखळतात.

कार्यालयाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. गावाचं वर्ष असं चालत नाही. जूनमध्ये पेरणी, तेव्हा गावात बैठक लावू नये. जुलै-ऑगस्टमध्ये निंदणी-खुरपणी. बायका दिवसभर रानात असतात, बचत गटाची बैठक घ्यायची तर रात्री आठनंतर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा धुळे-जळगावकडची घरं रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या गडबडीत असतात. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी. वेचणीच्या दिवसांत महिलांचं तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण ठेवणं म्हणजे त्यांची तीन दिवसांची मजुरी बुडवणं. मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरते, शहादा तालुक्यात त्या दिवसांत माणसं भेटत नाहीत. दिवाळीनंतर सातपुड्यातून ऊसतोडीला जाणं सुरू होतं.

मग होळी. सातपुड्यात होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावची होळी तर दूरदूरहून लोक बघायला येतात. बाहेर गेलेली माणसं होळीला गावात परततात. सगळं गाव एकत्र सापडण्याची हीच वेळ, पण बोलायचं ते होळी आटोपल्यावर. आणि नेमक्या त्याच दिवसांत कार्यालयात मार्चअखेरची घाई असते. प्रोग्राम मॅनेजरने हे आधीच हेरून मार्चच्या कागदांचं काम फेब्रुवारीत उरकावं आणि होळीनंतरचे पंधरा दिवस गावासाठी मोकळे ठेवावेत.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात. सालदाराचं सालही आखाजीलाच बदलतं. महिलांच्या गटाची पाहणी त्या आठवड्यात केली तर अर्ध्या बायका गावाबाहेर आणि पाहुण्या आलेल्या गावात, आकडे भलतेच येतात. आमच्याकडे एकदा तसं झालंय.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात शेतकरी सकाळी लवकर भेटतो, नाहीतर उन्हं कलल्यावर. दुपारी बाराला शिवारफेरी ठेवू नका, टीमच्या जिवासाठीसुद्धा.

लॉगफ्रेम, गँट चार्ट हे सगळं खरंच लागतं का?

लागतं. लॉगफ्रेमची पद्धत १९६९ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेसाठी तयार झाली आणि पुढे जगभरच्या देणगीदारांनी उचलली. चार उभे, चार आडवे रकाने: आपण काय करणार, त्यातून काय होणार, ते झालं हे कशावरून कळणार आणि कशाच्या भरवशावर हे सगळं गृहीत धरलंय.

शेवटचा रकाना, गृहीतकांचा, बहुतेक जण प्रस्ताव पाठवण्याच्या आदल्या रात्री भरतात. मी तो सगळ्यात आधी भरते. 'कुटुंबं वर्षभर गावात राहतील' हे गृहीतक वर सांगितलेल्या प्रकल्पांच्या वेळी कुणी लिहिलं असतं, तर वाचतानाच कुणीतरी म्हणालं असतं, की बाई, हे कसं?

गँट चार्ट, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपणार हे दाखवणारा तक्ता, भिंतीवर लावा. संगणकात ठेवलेला कुणी उघडून बघत नाही.

पैशाचं काम किती असतं?

बरंच. आणि ते लेखापालावर टाकून मोकळं होता येत नाही. खर्च नियमात बसतो की नाही हे लेखापाल सांगेल. तो खर्च आत्ता, या गावात, याच कामावर व्हायला हवा का, हे तुम्हाला ठरवायचंय.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीबद्दल थोडं माहीत असावं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवरचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. हे नीट माहीत नसल्यामुळे कित्येक संस्था फिल्डच्या माणसांचे पगार बजेटातून स्वतःच काढून टाकतात. असं करू नका. देखरेखीला माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो, हे प्रस्तावातच ठामपणे लिहा.

परदेशी निधी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था लहान स्थानिक संस्थेला सोबत घेऊन काम करायची, तो रस्ता बंद झाला. खान्देशातल्या लहान संस्थांना याचा फटका बसला, हे मला आजही खटकतं.

एक सवय लावून घ्या. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत बजेट आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडून बघा. कमी खर्च झाला तर आनंद मानू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ कुठलं तरी काम अडलंय.

सरकारी यंत्रणेशी कसं वागावं?

तिच्या शेजारी उभं राहून काम करावं. तिची जागा घेऊ नये. अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामसेवक, तलाठी ही माणसं तुमचा प्रकल्प संपल्यावरही तिथेच राहणार आहेत. त्यांच्या नोंदवहीत नसलेलं मूल तुमच्या टॅबमध्ये असून उपयोग नाही.

नंदुरबार २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आला. त्यानंतर बैठका, निर्देशक आणि भेटी वाढल्या. त्याचा उपयोग करून घ्यायला शिका. आढावा बैठकीला जाताना तक्रारींची यादी नेऊ नका. एक अडचण, एक गाव आणि एका पानावर उपाय, एवढं न्या. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला निधी मिळतो. तो कशावर वापरायचा हे ग्रामसभेत ठरतं. तुमच्या कामातली एखादी गोष्ट त्या ठरावात बसली, तर ती तुमच्या मागेही चालू राहते.

टीमकडून वेळेवर अहवाल येत नाहीत. काय करू?

आधी बघा, तुम्ही मागता किती. आमच्याकडे एका फिल्डच्या मुलाला महिन्याला सात वेगवेगळे तक्ते भरावे लागत होते. त्यातले तीन तक्ते कुणीच वाचत नव्हतं. ते बंद केले, उरलेले चार वेळेवर येऊ लागले.

मग बघा, तो अहवाल दिल्यावर त्याला परत काय मिळतं. मी प्रत्येक अहवालावर दोन ओळी तरी लिहून परत पाठवते. 'वडाच्या पाड्यावरची हजेरी का घसरली?' एवढं विचारलं तरी त्याला कळतं, की वाचलंय.

चुकलं तर चारचौघांत बोलू नये. खान्देशात माणसं मनाला लावून घेतात, आणि दुखावलेला माणूस काम सोडत नाही, काम करणं सोडतो. चहाला न्यावं, एकट्याला विचारावं. बहुतेक वेळा कारण घरचं असतं, किंवा गाडीचं पेट्रोल तीन महिने मिळालेलं नसतं.

देणगीदाराला वाईट बातमी कशी सांगायची?

लवकर. आणि सोबत आपण पुढे काय करणार हे घेऊन.

धडगावचा तो प्रकार घडला, तेव्हा मी आठ दिवस घोळवत बसले. अहवालात गोल शब्दांत मांडता आलं असतं. शेवटी फोन केला आणि कार्डावरची रेघ जशी होती तशी सांगितली. समोरून बराच वेळ कुणी बोललं नाही. मग विचारलं, "हप्ता कधी द्यायला हवा होता?" मी म्हटलं, "ऑक्टोबरमध्ये." पुढच्या वर्षी तो ऑक्टोबरात आला.

प्रत्येक वेळी असं होत नाही. एका निधीवाल्याने अशाच खरेपणावर प्रकल्प अर्ध्यात थांबवला होता. तरीही मी सांगायचंच असं म्हणेन, कारण खोटा हिरवा रंग एकदा लावला की पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक थर द्यावा लागतो, आणि टीमही तेच शिकते.

इंग्रजी चांगलं लागतं का? आणि अहिराणी?

प्रस्ताव आणि अहवाल इंग्रजीत मागतात, त्यामुळे साधं, नेमकं इंग्रजी लिहिता यावं. त्यासाठी खचू नका, सरावाने येतं.

गावातल्या भाषेला मात्र पर्याय नाही. जळगाव-धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची. सगळ्या बोलता येणार नाहीत, पण ऐकून कळायला हव्यात. साक्रीकडच्या एका बैठकीत मी अर्धा तास पाणलोटाची मांडणी केली, नकाशा दाखवला, टप्पे सांगितले. मागे बसलेले एक आप्पा उठले आणि म्हणाले, "ताई, ते समदं ठीक शे, पन पानी कव्हय येई?" म्हणजे, ते सगळं ठीक आहे, पण पाणी कधी येणार? सगळा प्रकल्प त्या एका वाक्यात होता. मी मराठीत उत्तर दिलं, पण तारीख सांगितली. त्यानंतर बैठक खऱ्या अर्थाने सुरू झाली.

अनुवादाला कुणाला सोबत नेलं, तर त्याच गावचा पुढारी नेऊ नका. बायका त्याच्यासमोर बोलत नाहीत.

बाई म्हणून ही फिरती जमते का?

जमते, पण सोय मागावी लागते. मुक्कामाची जागा आधी ठरलेली हवी, गाडी रात्री परत यायची नसेल तर आश्रमशाळेत किंवा एखाद्या गटाच्या अध्यक्ष ताईंच्या घरी राहते. शौचालयाची सोय विचारायला लाजू नका. लहान मूल असेल तेव्हा संस्थेशी बोलून फिरतीचे दिवस कमी करून घ्या, मी दोन वर्षं तसं केलं होतं. बाई असल्याचा फायदाही मोठा आहे. चुलीजवळ बसता येतं, आणि घरातला खरा हिशेब तिथेच कळतो.

शिक्षण काय लागतं? सर्टिफिकेट घ्यावं का?

समाजकार्य, ग्रामीण विकास, शेती, सार्वजनिक आरोग्य यांपैकी कशातलीही पदवी चालते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातून आणि संलग्न महाविद्यालयांतून बरीच मुलं या कामात आली आहेत. व्यवस्थापनातली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत, ती मोठ्या कंपन्यांत आणि परदेशी संस्थांत विचारली जातात. आपल्याकडच्या संस्थांत मुलाखत घेताना मी तरी आधी विचारते, की सलग किती दिवस गावात राहिलात.

पाच-सात वर्षं फिल्ड आणि प्रकल्पाचा अनुभव असल्याशिवाय ही जबाबदारी घेऊ नये. घेतली तर माणूस फक्त तक्ते गोळा करत बसतो.

कंपनीतला प्रोग्राम मॅनेजर हेच करतो का?

मूळ काम तेच. सॉफ्टवेअर कंपनीत एकाच उत्पादनावर पाच टीम काम करतात, त्यांची कामं एकमेकांवर अडलेली असतात, आणि ती मोकळी करत राहणारा माणूस म्हणजे प्रोग्राम मॅनेजर. आज आयटीत मोठं नाव असलेल्या विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, त्यामुळे हे क्षेत्र आपल्याला अगदीच परकं नाही. फरक इतकाच, की तिथे ग्राहकाला काम आवडलं नाही तर तो सोडून जातो. आपल्याकडे पाड्यावरच्या माणसाला तशी सोय नसते. म्हणून त्याचं म्हणणं आपणच जाऊन विचारावं लागतं.

आमची संस्था लहान आहे, आठ जण. आम्हाला हे पद हवं का?

पद नको, काम हवं. एकच प्रकल्प असेल तर संस्थेच्या प्रमुखानेच ते करावं. दुसरा प्रकल्प आला, आणि दोन्ही टीम एकाच गावात वेगवेगळ्या दिवशी बैठका लावायला लागल्या, की कुणा एकाच्या आठवड्यातले दोन दिवस या कामासाठी राखून ठेवा.

पगार आणि अटींबद्दल काय विचारावं?

प्रवासभत्ता महिन्याच्या महिन्याला मिळतो का, अपघात विमा आहे का, आणि दोन प्रकल्पांच्या मध्ये निधी नसताना पगाराचं काय होतं. हे तीन प्रश्न मुलाखतीतच विचारा. संकोच करू नका.

नव्याने रुजू झाले आहे. पहिल्या महिन्यात काय करू?

काही बदलू नका. जुने अहवाल वाचा, विशेषतः बंद पडलेल्या प्रकल्पांचे. प्रत्येक फिल्डच्या सहकाऱ्याबरोबर एक पूर्ण दिवस काढा, त्याच्या गाडीवर मागे बसून. कुठे थांबतो, कुणाच्या घरी चहा घेतो, कुठली गल्ली टाळतो ते बघा. टाळलेल्या गल्लीबद्दल त्या दिवशी विचारू नका, आठवड्याने विचारा.

कमीत कमी चार रात्री गावात मुक्काम करा. जेवणं झाल्यावर, ओट्यावर माणसं बसतात तेव्हा, आपल्या आधी या गावात कोणकोणत्या संस्था येऊन गेल्या आणि त्यांनी काय सांगितलं होतं, हे विचारा. लोकांना सगळं आठवतं. कोणत्या साली कोण आलं, कोणत्या झाडाखाली बसलं, काय कबूल केलं. ते वहीत लिहून घ्या, तारखेसकट, आणि तुमच्या प्रकल्पाचा प्रस्ताव पुन्हा उघडून वहीच्या शेजारी ठेवा.